पान्हा

अर्धापूरच्या शिल्पाला एका गेमसाठी ड्रॅगन घडवायचं काम मिळालं होतं. खवल्यांचे नव्हेत, अंगभर केसांचे, पिलांना दूध पाजणारे. नमुना म्हणून तिनं पेंढा भरून, वर मेंढीची लोकर डकवून एक पिलू केलं आणि डिंक वाळायला गच्चीवर उन्हात ठेवलं.

ते बघून सासू केवळाबाईंचा चेहराच उतरला. "रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात आमी असाच पेंढा भरतो. म्हस त्याला आपलं लेकरू समजती, चाटती अन् पान्हा सोडती. तू हे कुणासाठी ठेवलंस गं?"

"आत्याबाई, ह्याची आई फकस्त माझ्या डोक्यात हाय," शिल्पा हसली.


संध्याकाळी ती पिलू आणायला वर गेली, तर लोकर ओलीचिंब होती, खरखरीत जिभेनं एकाच दिशेला चाटून बसवलेली. आणि फरशीवर सांडलेलं दूध अजून कोमट होतं.