नेटवर्कमधला तिसरा

लेकीच्या लॅपटॉपमधले तिच्या लग्नाचे फोटो हॉलमधल्या कॉम्प्युटरवर काही केल्या दिसेनात. राउटर तीनदा बंद-चालू करून झाल्यावर तात्यांनी घरच्या नेटवर्कची यादी उघडली. दोनाऐवजी तीन कॉम्प्युटर, आणि तिसऱ्याचं नाव खानोलकर.

समोरच्या फ्लॅटमधल्या खानोलकरशी पार्किंगवरून वाजल्यापासून तात्यांनी घरात कोणालाच त्याच्याशी बोलू दिलं नव्हतं.

"आपला पासवर्ड त्याला कोणी दिला?"

"मी," बायको पोळी लाटता लाटता म्हणाली. "फोटोपण आहेत त्यांच्याकडे. तिथून उघडा, लगेच दिसतील."

तात्यांनी दातओठ खात फोल्डर उघडलं. लग्नाच्या पंगतीत फेटा बांधून, काळा चष्मा लावून खानोलकर ऐटीत बसला होता. आणि व्याह्यांकडचा बडा पाहुणा समजून त्याच्या तोंडात आग्रहानं जिलबी कोंबत होते खुद्द तात्या.