किशोरची दहा बोटं

दहाही कार्डं पिवळी निघाली.

अंगणवाडीच्या ओट्यावर डॉक्टर सुरभीनं ती पत्त्यांसारखी मांडली, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितली. कशेळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटलेली ही ठाकरांची वाडी. तीन आठवड्यांपूर्वी इथं रक्त तपासलं होतं. दहा बाप्यांनी बोट टोचून घेतलं, आणि दहाच्या दहा जणांत सिकलसेलचा दोष.

हा दोष काय असतो ते वाडीला शिकवावं लागत नव्हतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, जागोजाग अडकतात. बुधीची पोर थंडीत हाडं आवळून ओरडते, ते प्रत्येक घरात ऐकू जायचं.

"वनिता, नावं दहा, वयं दहा," सुरभीनं वाडीच्या आशाताईपुढं कागद सरकवला. "पण रक्ताचा गट एकच, हिमोग्लोबिन तेवढंच, पॉइंटनंतरचे आकडेसुद्धा तेच. दहा पोत्यांतून दाणा न् दाणा एकाच वाणाचा निघाला तर खळी किती?"

"एकच," वनिता म्हणाली, आणि भिंतीला टेकून हसणाऱ्या माणसाकडं वळली. "किशोर, ये रं हिकडं."

किशोर आला. लपवावं असं त्याला काही वाटलंच नव्हतं.

"मॅडम, बाप्ये सुईला भ्याले. जंगलात कशाला भीत नाय, पण सुई? वाघ्या तर त्या समोरच्या सागावर चढला, तिन्हीसांजेपर्यंत उतरला नाय! मग मी म्हणलं, माझी दहा बोटं हाईत. एक माझं, नऊ तुमची. बोटाला एक वडापाव."

"आणि कोणी ओळखलं नाही?"

"दर खेपेला टोपी बदलली. टोचणारा सायब शहरातला. त्याला आमी सगळी सारखीच दिसतो."

बायका खो खो हसल्या. "नऊ वडापाव एका बैठकीत खाल्लं," किशोर पुढं म्हणाला, "दहावा वडापाववाल्यानं फुकट दिला, वर हात जोडलं."

सुरभी हसली नाही. "म्हणजे ही दहाही कार्डं तुमची."

किशोरच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. हात मात्र डोक्यावरच्या टोपीकडं गेला.

"तुम्हाला काही होणार नाही," ती म्हणाली. "पिवळं कार्ड म्हणजे दोष अर्धाच. बायकोत नसेल तर पोराला हा आजार होत नाही. दोघांत असला तर दर पोरामागं चारात एक धोका. तुमच्या बायकोची तपासणी?"

किशोरनं नळाकडं बघितलं. तपासणीच्या दिवशी मंगळी माहेरी होती. आता ती नळावर हंडा भरत होती, सातव्या महिन्याचं पोट सावरत.

किशोर बसला. उठला. पुन्हा बसला. "मॅडम, ते मोबाइलवर दावत्यात… रक्ताच्या बियातच दुरुस्ती करत्यात म्हणं?"

"करतात. हाडांच्या मगजातल्या पेशी काढायच्या, त्यातली चूक दुरुस्त करायची, परत घालायच्या. बाहेरच्या देशांत सुरू झालंय. या वाडीपर्यंत यायला वेळ आहे. पण पोर जन्मल्या जन्मल्या कळलं तर औषधं तेव्हापासून चालू करता येतात. आधी कळायला तर हवं."

किशोर नळापर्यंत गेला, अर्ध्यातून परतला, पुन्हा गेला. शेवटी मंगळीच त्याला मागं टाकून ओट्यावर आली. हंडा खाली ठेवला.

"दहा बोटं टोचून घेतलीस," ती म्हणाली, "आता अकरावं माझं व्हय?"

आणि तिनं बोट पुढं केलं.

थेंब औषधाच्या नळीत पडला. सुरभीनं नळी हलवली. "पाच मिनिटं. मग नळीमागं कागद धरायचा. अक्षरं वाचता आली तर दोष नाही. गढूळ होऊन अक्षरं बुजली तर आहे. नमुना मोठ्या मशीनवरही जाईल, पण आज एवढं कळेल."

वनितानं कागद शोधला. हाताला लागली ती त्या दहा नावांचीच यादी.

"तीच धर," सुरभी म्हणाली.

त्या पाच मिनिटांत किशोरनं वाडीला तीन फेऱ्या मारल्या म्हणतात. एक तरी नक्कीच मारली, कारण परत आला तेव्हा चप्पल एकाच पायात होती. दहा वेळा सुई टोचली तेव्हा पापणी न हललेला गडी, आता डोळे गच्च मिटून उभा राहिला.

"बघ की," मंगळी म्हणाली.

"तूच बघ."

"मला कुठं वाचता येतंय? चौथी शिकलायस ना? वाच."

किशोर वाकला. नळीला नाक लागेल इतका वाकला. ओठ हलले.

"न…" तो म्हणाला. "न… व… नवनाथ."

अंगणवाडीच्या मागून नवनाथ पुढं आला. खाली मान, बोट समोर.

"मोठ्यानं," मंगळी म्हणाली. "मला सगळी ऐकायचीत."

"देवेश!" किशोर ओरडला. "चिमा! कोंडाजी!" एकेक बाप्या कुठून कुठून निघून रांगेला लागत होता. किशोरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्याची ओळ चुकत नव्हती.

"वाघ्या!"

समोरच्या सागाची पानं सळसळली, आणि वाघ्या हळूहळू खाली उतरू लागला.