जुळणारे आकडे

"बाई, एक विचारू का?" कारकुनाने दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "पूल बुडायची शक्यता चाळीस टक्के आणि खालची वस्ती बुडायची तीस. पण पूल तर वस्तीपेक्षा उंच आहे. वस्ती बुडल्याशिवाय पाणी पुलावर चढणार कसं? उडी मारून?"

तो स्वतःच हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. पूर नियंत्रण कक्षात सगळे त्यांना आकडेबाई म्हणत, तेही कौतुकाने. त्यांच्या हातून असली चूक व्हावी!

खरं तर ती चूक नव्हतीच. पुलाचा कागद रस्ते खात्याच्या फायलीत जाऊन पडतो, तो कोणी वाचत नाही. तिथे त्यांनी मनातलं लिहिलं होतं. वस्तीच्या कागदावर हात आखडला. तिथे चाळीसचा आकडा आला की भोंगा वाजवायचा, असा नियम. गेल्या वर्षी त्यांनी तो वाजवला, दोन हजार माणसं बोचकी घेऊन दिवसभर टेकडीवर बसली आणि पाणी काही आलं नाही. अजूनही बाई बाजारात दिसल्या की पोरं तोंडाने भोंगा वाजवतात. आजही बाहेर लख्ख ऊन होतं. पाऊस कोसळत होता तो वरच्या डोंगरात, आणि नदी तासाला हातभर चढत होती.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि सुस्कारा सोडला.

"एवढंच ना? पुलाचे चाळीस खोडा, पंचवीस करा. आकडे जुळले म्हणजे झालं."

"वस्तीचा आकडा वर नेला तरी जुळतात, साहेब." बाईंना स्वतःचाच आवाज परका वाटला.

"आणि पुन्हा गेल्या वर्षीसारखी शोभा करून घ्यायची? मला निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिलीत, बाई."

बाईंनी चाळीसवर रेघ मारली. वर पंचवीस लिहिलं. आता कोणी बोट ठेवायला जागा नव्हती, तरी त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.

साहेब कोपऱ्यातल्या फोनपाशी गेले. बोलले हळूच, पण खोली लहान होती.

"ड्रायव्हर, नातीला शाळेतून घेऊन ये. हो, आत्ता. तास चालू असला तरी. आणि हे बघ, पुलावरून नको, वरच्या रस्त्याने ये."

शाळा खालच्या वस्तीत होती.

फोन ठेवून साहेब वळले, तर बाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"घरचं आहे हो," साहेब म्हणाले. "उगाच जिवाला घोर नको."

"वर्गात ती एकटीच बसते का, साहेब? बाकीच्यांना आणायला कोण जाणार?"

कारकून मान खाली घालून बसला. बाईंनी दोन्ही कागद पुढे ओढले. पुलापुढे पुन्हा चाळीस लिहिलं आणि वस्तीपुढे साठ. मग त्या उठल्या आणि भिंतीवरचा खटका दोन्ही हातांनी खाली ओढला.

भोंगा ओरडू लागला. खिडकीबाहेर ऊन तसंच होतं, माणसं थांबून कोरड्या आभाळाकडे बघत होती. बाईंनी डोळे गच्च मिटले आणि मनातल्या मनात विनवत राहिल्या, की उद्या सगळ्यांनी आपल्याला हसावं, अगदी पोट धरधरून हसावं.