पुसट खूण

खूण निघाली. ज्ञानेश्वरीने आकडा दोनदा ताडून पाहिला आणि कंपनीच्या ग्राहकांमध्ये शोधला. लॅपटॉपवर नाव आलं. ते तिचं स्वतःचं होतं.

आपणच चुकून आपली माहिती उघडली असेल, असं वाटून तिने सगळं बंद केलं आणि पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच नाव.

तिची कंपनी मालिका दाखवणारं एक ॲप चालवायची. त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक चित्रात, डोळ्याला न दिसणारी अशी, ज्याच्या त्याच्या खात्याच्या आकड्याची खूण असते. टीव्हीसमोर मोबाइल धरून चित्रण केलं तरी ती पुसली जात नाही. चोरून फिरणाऱ्या भागांतली ती खूण वाचायची आणि खातं कुणाचं ते कळवायचं, हे ज्ञानेश्वरीचं काम. कंपनीच्या एका मालिकेचा ताजा भाग टेलिग्रामवर हजारो लोकांनी फुकट पाहिला होता. धर्मेश सरांनी सकाळीच बजावलं होतं, की नाव आजच हवं. नाव मिळालं की पोलिसांत तक्रार होणार, आणि तो भाग ज्याने चित्रित केला त्याचा मोबाइल जप्त.

आतापर्यंत ती आवाज बंद ठेवून नुसतं चित्र तपासत होती. आता तिने हेडफोन कानाला लावला. नायिका रडत होती. त्या रडण्यामागे कुकरची शिट्टी झाली आणि एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, मधी येऊ नका, माझं चालू हाय."

ज्ञानेश्वरीने तेवढंच पुन्हा ऐकलं. आवाज आईचा होता.

कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेलं खातं तिनेच हौसेने बेटेगावच्या या घरातल्या टीव्हीवर चालू करून दिलं होतं. आज ती घरूनच काम करत होती. आई आत सुकट निवडत बसली होती. ज्ञानेश्वरी हेडफोन गळ्यात तसाच ठेवून आत गेली आणि तिने सरळ विचारलं.

नर्मदाबाई दचकल्या नाहीत. उलट हे लेकीला इतक्या उशिरा कळलं याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांनी सांगितलं ते असं, की मालिकेचा पहिला सीझन एका ॲपवर होता, दुसरा भलत्याच ॲपवर गेला, आणि तिसरा आला तो ज्ञानेश्वरीच्या कंपनीकडे. मोबाइलच्या रिचार्जबरोबर आलेलं ॲप मालिकेचं नाव दाखवायचं आणि बोट लावलं की आणखी पैसे मागायचं. सगळी ॲपं एका घराला परवडणारी नव्हती. मग आळीतल्या बायकांनी भिशीतच ठरवलं, की एकेकीने एकेक ॲप घ्यायचं आणि जिचं ॲप तिने बाकीच्यांना घरी बोलावून दाखवायचं. ते छान चाललं होतं. पण भिशीतल्या हंसाबेनच्या नवऱ्याला कारखान्यात रात्रपाळी लागली, तो दिवसा झोपायला लागला. दीपिका स्वतःच पाळीत कामाला. कुणाच्याच वेळा जुळेनात. तेव्हापासून डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून भाग चित्रित करायचा आणि ग्रुपवर टाकायचा, अशी पद्धत पडली. त्यातून कुणाच्या तरी भाच्याने तो पुढे पाठवला असेल, तर त्याला त्या तरी काय करणार.

"आई, ही चोरी आहे."

"चोरी? आमच्यात एकपण फुकटी नाय. प्रत्येकीनं आपापलं भरलंय."

ज्ञानेश्वरीने पोलिसांचं सांगितलं नाही. हे आजपासून बंद करायचं, एवढंच म्हणाली. तशी नर्मदाबाईंनी हातातली सुकट ताटात टाकली. लेकीकडे त्यांनी असं पाहिलं, जसं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"दीपिकानं दाखवलेलं मी बघितलं. हंसाबेननं दाखवलेलं बघितलं. आता आपली पाळी आली तर बंद करू? भिशी उचलून पळाली, असं म्हणतील मला. चोर तवा होईन मी."

ज्ञानेश्वरीला पुढचं दिसायला लागलं. पोलीस दारात आले तर आई त्यांनाही हेच सांगेल, मान ताठ ठेवून, भिशीतल्या एकेकीचं नाव घेऊन. आणि आपण कुणाचं तरी भलंच करतोय असं तिला वाटत राहील.

ती बाहेरच्या खोलीत आली. अहवालाची चौकट उघडीच होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला, तरी तिने तो आला तसाच लिहिला होता. त्यासाठी मार्क गमावले होते, सरांची बोलणी खाल्ली होती. न आलेला आकडा तिने आयुष्यात कधी लिहिला नव्हता, आलेला खोडला नव्हता.

तिने लिहिलं, 'खूण पुसट आहे. वाचता येत नाही.'

पाठवलं. आत आई हंसाबेनशी फोनवर हसून बोलत होती.

मग तिचा फोन वाजला. धर्मेश सर होते. आवाज नेहमीसारखाच शांत. अहवाल मिळाल्याचं त्यांनी सांगितलं. पुन्हा एकदा तपासून पाहायचंय का, असंही विचारलं. ती नको म्हणाली. चित्रच खराब आहे सर, म्हणाली, आणि आपण हे किती सहज बोललो याचा तिला धक्का बसला.



"ही खूण आपल्या टीममधल्या दर्पणनं सोमवारीच वाचली होती, ज्ञानेश्वरी," सर म्हणाले. "तू काय लिहितेस, तेवढंच बघायचं होतं."