नोटीस येण्याआधी

"वहिनी, नोटीस आली नाहीये ना? मग झोपलेल्या वाघाला कशाला उठवताय?" दिराने विचारलं.

निलांबरी विक्रीचे कागद पिशवीत भरत राहिली. सावंतवाडीची लाकडी खेळणी ती तीन वर्षं ऑनलाइन विकत होती. त्या विक्रीवर कर भरावा लागतो, हे तिला फार उशिरा कळलं होतं. आता सरकारची अभय योजना आली होती. नोटीस येण्याआधी जो आपणहून येईल, त्याने फक्त मूळ कर भरायचा. दंड आणि व्याज माफ. मुदत आज संपत होती.

लाकूड कातायच्या नव्या यंत्रासाठी साठवलेले सगळे पैसे त्यात गेले.

"घाबरला नाहीत?" कर कार्यालयातल्या बाईंनी अर्ज तपासत विचारलं.

"घाबरले म्हणूनच आले. दारात कुणी अनोळखी दिसलं, की मी मागच्या खोलीत जाऊन बसायचे."

आठवड्याने कराचा नोंदणी क्रमांक मिळाला. हा क्रमांक नसल्याने पक्कं बिल देता येत नव्हतं, म्हणून बंगळुरूच्या एका शाळेचं काम मागे तिच्या हातून गेलं होतं. तिने त्याच शाळेला फोन लावला.

"शंभर बैलगाड्या हव्या होत्या ना? जुन्याच यंत्रावर करीन, महिना लागेल. हो, बिल पक्कं देईन. माझ्या नावाचं."