मशीनला काय झालं?

वहिनींचं शिलाई मशीन एकदाचं खडखडलं आणि गप्प झालं. समोर गणवेशांचा ढीग तसाच पडलेला. एक हात भिंतीला, एक कमरेला लावत वहिनी स्टुलावरून कशाबशा उठल्या, तोवर "मशीनला काय झालं?" करत अख्खं घर गोळा झालं.

"द्या भंगारात," सासूबाईंनी निकाल दिला.

"आज सांगितलं की उद्या सकाळी नवीन दारात!" लेक म्हणाली. तिने फोनवर एक पसंतही करून टाकलं.

वहिनींनी मशीनवर हात ठेवला. "नको गं बाई. माझ्या आईचं मशीन ते, जीव अडकलाय माझा त्यात. दुरुस्तच करू."

"धन्य आहे तुझी! दुरुस्तीत आठवडा जाईल सहज," नवरा करवादला आणि ते धूड उचलून जिना उतरला.

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत वहिनी खिडकीत उभ्या राहिल्या. मग त्यांनी पलंगावर पाठ टेकली आणि मेकॅनिकला फोन लावला.

 

"दादा, मशीन येतंय. मागच्या खेपेसारखी घाई करू नका हं. माझी पाठ अजून दुरुस्त व्हायचीय."