कार्डावर चालत नाही

आमच्या दुकानात हल्ली बिलं यंत्रच करतं. सरकारी मदतीच्या कार्डावर न चालणारी वस्तू आली, की ते बोंब मारतं आणि मला उठून जावं लागतं.

एकटे राहणारे एक आजोबा दर मंगळवारी दूध-पावासोबत चॉकलेट आणायचेच. मी करवादायचे, "आजोबा, किती वेळा सांगायचं? चॉकलेट चालत नाही!" ते ओशाळं हसायचे. मी ते चॉकलेट बाजूला काढून बिल पुरं करेपर्यंत माझ्या लेकीची चौकशी करायचे, आपल्या गुडघ्याचं रडगाणं गायचे.

काल मी त्यांना दारातच गाठलं. "आजोबा, नियम बदलला! आता चॉकलेट चालतं. यंत्र अडवणार नाही, मलाही यावं लागणार नाही."

त्यांचा चेहरा पडला.



"मग आता काय चालत नाही गं, पोरी?"